अण्णांना आता काही कळेना गेलंय, त्यांच्या वतीनं सही कोणी करायची? भाऊ म्हणतोय अंगठा घेऊ

लेक_औशाची

नमस्कार सगळ्यांना. जरा लांब लिहायलेय, पण पूर्ण वाचा आणि कुणाला नीट माहिती असेल तर सांगा. आमचे अण्णा, वय 76, झेडपीचे रिटायर्ड मास्तर. चार-पाच वर्षांपासून विसरायला लागले, आधी चष्मा कुठं ठेवला, मग जेवण झालं का नाही, आता तर मला कधी त्यांची बहीण समजतात तर कधी शाळेतल्या बाई. लातूरच्या डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितलाय, गोळ्या चालू आहेत, पण हे मागं फिरणारं दुखणं नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आई तीन वर्षाखाली गेली. भाऊ पुण्याला असतो, अण्णांजवळ मीच आहे.

अडचण अशी झालीय की आता जिथं जावं तिथं सही लागते. पेन्शन ज्या बँकेत येते तिथं सही जुळत नाही म्हणून पैसे देईनात, एटीएम कार्ड अण्णांनीच कुठंतरी ठेवलं ते सापडेना. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचंय, दवाखान्यात विचारतात संमती कोण देणार. आणि सगळ्यात मोठं म्हणजे सहा एकर वावर आणि विहीर, सातबारा अण्णांच्या एकट्याच्या नावावर. भाऊ म्हणतो की रजिस्ट्री ऑफिसात नेऊन जनरल मुखत्यारपत्रावर अंगठा घेऊ, मग सगळं मी बघतो. भावाबद्दल मला शंका नाही, तो अण्णांसाठी जीव टाकतो. पण मागच्या महिन्यात आमचे एक चुलते घरी स्टॅम्प पेपर घेऊन आले, बांधाच्या वाटणीचा कागद म्हणे, मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत त्यांनी अण्णांचा डावा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला होता. आणि अण्णा हसत होते! लहानपणापासून ओळखतात ना त्यांना, ते जे म्हणतील त्याला हो म्हणतात. मी पॅड उचलून आत नेला, अण्णांचा अंगठा खोबरेल तेलानं पुसला. तेव्हापासून मला धड झोप नाही.

दुसरी गोष्ट. रात्री उठून चालायला लागतात, मागं एकदा पहाटे लातूर रोडवर सापडले. भाऊ म्हणतो संभाजीनगरला एक केअर सेंटर आहे तिथं ठेवू. मी जाऊन बघून आले, स्वच्छ आहे, बाया प्रेमानं बोलतात, पण मेन दाराला कायम कुलूप. अण्णांना सोबत नेलं होतं, ते तिथं बसल्या बसल्या एवढंच म्हणत होते, मला घरी जायचंय. मग हे त्यांचं बोलणं धरायचं का नाही? कळत नाही म्हणून माणसाचं म्हणणं संपतं का? कायदा याच्यात काय म्हणतो हे मला समजून घ्यायचंय, कारण घरातले सगळेजण मला म्हणायलेत तू उगं वाढवायलीस.

बालाजी_निलंगा

ताई एवढं मनाला लावून घेऊ नका. गावाकडं सगळे असंच करतात. भाऊ चांगला आहे म्हणता ना, मग मुखत्यारपत्र करून टाका, दोन साक्षीदार घ्या, काम झालं. कोर्टाच्या नादी लागलात तर वर्षानुवर्षं जातील आणि तोपर्यंत अण्णांच्या औषधपाण्याला पैसा कुठून आणणार? पैसा त्यांचाच आहे, त्यांच्यासाठीच वापरायचाय, त्यात चूक काय. माझ्या मामांचं आम्ही असंच केलं होतं.

ॲड_लातूर

ताई, तुम्ही काहीही वाढवत नाही आहात, पॅड उचलला ते अगदी बरोबर केलं. बालाजीभाऊ, तुमची कळकळ समजते पण तुमचा सल्ला ताईंना अडचणीत आणेल म्हणून स्पष्ट लिहितो.

मुखत्यारपत्र म्हणजे एक शहाणा माणूस दुसऱ्याला सांगतो की माझ्या वतीनं तू कर. देणाऱ्याला आपण काय देतोय हेच कळत नसेल तर ते देणंच झालं नाही. भारतीय करार कायदा 1872, कलम 11 आणि 12 बघा, करार करणारा त्या वेळी समजून उमजून निर्णय घेऊ शकणारा पाहिजे. आणि त्याच कायद्याचं कलम 201 तर अजून पुढचं सांगतं, मुखत्यारपत्र देणारा नंतर विकल मनाचा झाला तर आधी शुद्धीत दिलेलं मुखत्यारपत्रसुद्धा तिथंच संपतं. कितीतरी लोकांना हे माहितीच नाही, आजारपणाच्या सुरुवातीला करून ठेवलेला कागद घेऊन पुढं पाच वर्षं व्यवहार करत राहतात, आणि मग एखादा चुलत भाऊ दावा टाकतो तेव्हा सगळे व्यवहार उघडे पडतात. इंग्लंडमध्ये पुढच्या काळासाठी टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं, आपल्याकडं तशी सोय अजून नाही.

आता चुलत्यांचं. उद्याच्या उद्या एक काम करा. डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडून दुय्यम निबंधकाकडं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नोंदणी कायदा 1908 च्या कलम 35 प्रमाणं दस्त करून देणारा वेडसर किंवा अज्ञान वाटला तर नोंदणी नाकारणं हे त्या अधिकाऱ्याचं काम आहे, पण त्याला कळायला तर पाहिजे, पाच मिनिटांत त्याला काय कळणार, म्हातारा माणूस मान हलवतो आणि दस्त होऊन जातो. तसाच अर्ज तलाठ्याकडं द्या. कुणी फेरफार टाकलाच तर नोटीस निघते आणि 15 दिवसांत हरकत घेता येते, हरकत आली की ती तक्रारी प्रकरणांच्या रजिस्टरला जाते, आपोआप मंजूर होत नाही. सातबारा अधूनमधून ऑनलाइन बघत चला. नुसत्या स्टॅम्प पेपरवरच्या अंगठ्यानं जमीन जात नाही हे खरं, पण तो कागद पुढं डोकेदुखी होऊन बसतो.

ऑपरेशनचं म्हणाल तर दवाखाने अशा वेळी जवळच्या नातेवाइकाची सही घेतात. तुम्ही आणि भाऊ दोघांची घ्यायला सांगा म्हणजे पुढं वाद नको. आणि अण्णांनाही त्यांना कळेल अशा शब्दांत सांगा की डोळ्याचं ऑपरेशन आहे, कळो न कळो.

बँक आणि जमिनीसाठी मात्र पालक नेमून घेणं हाच मार्ग. इथं आपल्या कायद्यात मोठी फट आहे. 1987 च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा माणसाच्या मालमत्तेसाठी जिल्हा कोर्टात व्यवस्थापक नेमायची सोय होती. 2017 चा नवीन कायदा आला, तो उपचारांच्या बाबतीत कितीतरी चांगला आहे, पण मालमत्तेचं ते प्रकरणच त्यातून गेलं. म्हणून डिमेन्शिया आणि कोमातल्या माणसांसाठी घरचे लोक हायकोर्टात राज्यघटनेच्या कलम 226 खाली रिट करतात आणि हायकोर्ट पालक नेमतं. केरळ हायकोर्टानं 2019 मध्ये कोमातल्या पेशंटसाठी पद्धत घालून दिली, मुंबई हायकोर्टानंही असे पालक नेमलेत. आपल्याला मुंबईला जायची गरज नाही, आपलं खंडपीठ संभाजीनगरलाच आहे. दुसरा रस्ता दिव्यांग हक्क कायदा 2016, कलम 14, जिल्हा न्यायालयातून मर्यादित पालकत्व. मर्यादित म्हणजे ठरावीक काळासाठी, ठरावीक निर्णयासाठी, आणि त्या माणसाशी सल्लामसलत करून. मला स्वतःला ही कल्पना फार योग्य वाटते, कारण एका सहीत माणसाचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या हातात जात नाही. त्यासाठी आधी अण्णांचं दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट काढावं लागेल.

मोठी_बहीण_परभणी

औशाच्या ताई, तुमचं वाचून गलबलून आलं. माझा अनुभव थोडा वेगळ्या बाबतीतला आहे पण सांगते, कारण इथं असे घरवाले बरेच असतील.

माझा भाऊ जन्मापासून गतिमंद आहे, आता 34 चा आहे. आमच्या आईवडिलांना वाटायचं आपण आईबाप आहोत म्हणजे आपणच त्याचे पालक, कायमचे. तसं नसतं हो! लेकरू 18 चं झालं की कायद्यानं ते सज्ञान, आईबापाची सही तिथून पुढं चालत नाही. आम्हाला हे कळलं कधी, तर त्याच्या नावावर एफडी करायला गेलो तेव्हा. अशा लेकरांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा 1999 आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, गतिमंदत्व आणि बहुविकलांगता एवढ्या चारच गोष्टी त्याच्यात बसतात, त्यामुळं डिमेन्शियाला त्याचा उपयोग नाही. पण ज्यांना बसतो त्यांनी कोर्टात जायची गरजच नाही. कलेक्टर साहेबांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती असते, तिच्यात एका नोंदणीकृत संस्थेचा माणूस असतो आणि एक दिव्यांग व्यक्तीही असते. तिच्याकडं अर्ज करायचा.

मला या समितीची एक गोष्ट फार आवडली. मला वाटलं होतं कागद बघतील, शिक्का मारतील. तर त्यांनी भावाला समोर खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, तुला कुणाजवळ राहायचंय. आमच्याकडं कुणी त्याला असं कधी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला ताईजवळ, पण दिवाळीला आक्काकडं. त्यांनी ते लिहून घेतलं. आणि पालक झालं म्हणजे मोकळं रान नाही, नेमणूक झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत त्याच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर 3 महिन्यांत हिशेब. मी वही ठेवते, त्याच्या पैशातून घेतलेली चप्पलसुद्धा त्यात असते. पालक नीट सांभाळत नसेल, छळत असेल, पैसा खात असेल तर त्याला काढायचीही सोय त्याच कायद्यात आहे. बँकांना रिझर्व्ह बँकेनं सांगितलेलं आहे की या समितीचं पालकत्वाचं सर्टिफिकेट मान्य करा, काउंटरवर नाही म्हणाले तर मॅनेजरला भेटा. याच लेकरांसाठी निरामय म्हणून 1 लाखापर्यंतचा आरोग्य विमा पण आहे, तोही काढून घ्या.

लेक_औशाची

सगळ्यांचे खूप खूप आभार. वकीलसाहेब, निबंधक ऑफिसात आणि तलाठ्याकडं दोन्हीकडं अर्ज दिला, पोच घेतली. तलाठी म्हणाला असा अर्ज पहिल्यांदाच बघितला. भावाला कलम 201 वाचून दाखवलं, तो जरा गप्प बसला, मग म्हणाला मग बरोबर करू.

आता कुलपाचं कुणीच सांगितलं नाही. ते मला जास्त खातंय. रात्री अण्णा दाराशी जातात तेव्हा मी पण कडी लावतेच की घरी. मग सेंटरवाल्यांनी लावलं तर मला का टोचतंय.

नर्स_नांदेडची_सध्या_इंग्लंड

ताई मी नांदेडची, इकडं एका केअर होममध्ये नर्स आहे, आमच्याकडं बहुतेक सगळे डिमेन्शियाचे आजी-आजोबा. तुम्हाला जे टोचतंय ना त्याच्यावर इकडं अख्खा कायदा उभा आहे, म्हणून ड्युटी संपवून लिहायला बसले.

1997 ची गोष्ट. इंग्लंडमध्ये एक स्वमग्न माणूस होता, बोलता न येणारा, त्याला हॉस्पिटलमध्ये ठेवून घेतलं. तो विरोध करत नाही म्हणून त्याची संमती आहे असं धरलं गेलं, ज्या कुटुंबात तो राहायचा त्यांना भेटूसुद्धा देईनात. ते कुटुंब थेट युरोपच्या मानवी हक्क कोर्टापर्यंत गेलं आणि 2004 मध्ये निकाल लागला की हे बेकायदा आहे, गप्प बसणं म्हणजे हो म्हणणं नव्हे. मग 2005 च्या मेंटल कपॅसिटी ॲक्टमध्ये, म्हणजे ज्यांना स्वतः ठरवता येत नाही त्यांच्यासाठीच्या कायद्यात, सुधारणा करून 2009 पासून इंग्लंड-वेल्समध्ये एक व्यवस्था सुरू झाली, तिला आम्ही डोल्स म्हणतो. केअर होमनं किंवा हॉस्पिटलनं एखाद्या 18 वर्षांवरच्या माणसाला सतत नजरेखाली ठेवलं आणि त्याला जायची मोकळीक नसेल, आणि त्याला स्वतःला याबद्दल ठरवता येत नसेल, तर आम्हाला तिथल्या कौन्सिलकडं परवानगी मागावीच लागते. घाईची परवानगी आम्ही स्वतःच 7 दिवसांची लावू शकतो, पण मग बाहेरून लोक येऊन तपासतात. एक डॉक्टर येतो, एक वेगळा माणूस येतो ज्याचं कामच हे की या माणसाच्या भल्याचं काय. तो घरच्यांशी बोलतो, त्या माणसाशी बोलतो, जुन्या सवयी विचारतो. मग जास्तीत जास्त 12 महिन्यांची परवानगी, पुन्हा सगळं पहिल्यापासून. त्या माणसाच्या बाजूनं एक प्रतिनिधी नेमतात, तो त्याच्या वतीनं कोर्टात जाऊ शकतो, वकिलाचे पैसे लागत नाहीत.

आमच्याकडं एक आजोबा आहेत, जन्मभर गाई सांभाळलेले. दुपारी चार वाजले की दाराशी येतात, धारा काढायला जायचंय म्हणतात, दार हलवतात, रडकुंडीला येतात. आधी स्टाफ त्यांना टीव्हीसमोर नेऊन बसवायचा. तपासायला आलेल्या बाईंनी परवानगी दिली पण एक अट घातली, की रोज त्या वेळेला कुणीतरी त्यांना बाहेर बागेत आणि कुंपणापर्यंत फिरवून आणायचं. तेव्हापासून आम्ही नेतो, पावसात सुद्धा कोट घालून. कुलूप आहेच, पण आता त्याला कारण लिहिलेलं आहे, मुदत आहे, आणि कुंपणापर्यंतचा रस्ता आहे.

2014 मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टानं अजून स्पष्ट केलं. लोक म्हणायचे की एवढं चांगलं घर आहे, एवढं प्रेमानं सांभाळतात, याला बंदिवास कसं म्हणता. तर न्यायमूर्ती लेडी हेल यांनी निकालात लिहिलं की सोन्याचा पिंजरा झाला तरी तो पिंजराच. त्या निकालानंतर अर्ज इतके वाढले की 21 दिवसांत व्हायचं काम महिनोन्‌महिने लटकतं, ही व्यवस्था बदलायचा कायदा 2019 मध्ये झाला पण 2023 मध्ये तोही पुढं ढकलला. म्हणजे इकडं सगळं सुरळीत आहे असं समजू नका. पण एक गोष्ट मी इथं शिकले ती कुठंही लागू पडते. आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी सांगतात, माणसाला कळतं असंच धरून चालायचं, कळत नाही हे दुसऱ्यानं सिद्ध करायचं. आणि ते पण त्या एका निर्णयापुरतं. आज चहा पाहिजे का कॉफी हे अण्णांना ठरवता येईल, वावर विकायचं का नाही हे येणार नाही. म्हणून "यांना काही कळत नाही" हे वाक्यच आम्हाला चार्टमध्ये लिहू देत नाहीत, काय कळत नाही ते लिहा म्हणतात.

ताई, घरी तुम्ही कडी लावता तेव्हा तुम्ही जाग्या असता, सकाळी त्यांना ओट्यावर बसवता. सेंटरला जाऊन हेच विचारा, दिवसभरात बाहेर कधी नेता, कोण नेतं, रात्री किती माणसं असतात, झोपेच्या गोळ्या कोण ठरवतं, आम्ही न सांगता कधीही भेटायला आलो तर चालेल का. शेवटच्या प्रश्नाला आढेवेढे घेतले तर तिथं ठेवू नका.

ॲड_लातूर

नर्सताईंनी फार महत्त्वाचं लिहिलं. आपल्याकडं केअर होमच्या कुलपासाठी असा स्वतंत्र कायदा नाही, पण हात अगदीच रिकामे नाहीत. मानसिक आरोग्य कायदा 2017 मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्ती आणि भान बिघडून निर्णयशक्ती फार खालावणं हेही येतं. आणि अशा लोकांना ठेवून जिथं देखभाल किंवा उपचार होतात त्या जागेला त्या कायद्याखाली नोंदणी लागते. नातेवाइकांचं राहतं घर यातून वगळलंय, त्यामुळं तुमच्या घरच्या कडीचा प्रश्न वेगळा आणि त्यांच्या कुलपाचा वेगळा. सेंटरला पहिला प्रश्न हाच विचारा, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवा. नुसतं वृद्धाश्रमाच्या नावावर चालवत असतील आणि माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कोंडून ठेवत असतील तर घरच्यांनी पैसे भरले म्हणून ते कायदेशीर होत नाही.

नोंदणी असलेल्या ठिकाणी पेशंटच्या मनाविरुद्ध दाखल करायचं तर कलम 89. दोघा तज्ज्ञांनी, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, वेगवेगळं तपासायचं, जास्तीत जास्त 30 दिवस, दर 7 दिवसांनी पुन्हा बघायचं की आता त्याला ठरवता येतं का, आणि पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं. पुढं वाढवायचं तर कलम 90, नव्यानं तपासणी. पेशंट स्वतः, त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी (म्हणजे उपचारांच्या बाबतीत त्याच्या वतीनं बोलायला नेमलेला माणूस) किंवा एखादी संस्था मंडळाकडं दाद मागू शकते. साखळीनं बांधणं कलम 95 नं पूर्ण बंद आहे, कुठल्याही स्वरूपात. हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्या मराठवाड्यात अजून वावरातल्या आखाड्यावर बांधून ठेवलेली माणसं दिसतात, आणि घरचे वाईट असतात असंही नाही, त्यांना दुसरा रस्ताच दाखवलेला नसतो. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला, आपल्या आठ जिल्ह्यांत त्यातलं एकही नाही. पण संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड या सरकारी मेडिकल कॉलेजांत मानसोपचार विभाग आहेत, तपासणी आणि सर्टिफिकेट तिथून घ्या, कोर्टात त्याला वजन असतं. आणि फोनवर बोलायचं तर टेलिमानस 14416, ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन 14567.

अंबाजोगाईची_वहिनी

मी कधी इथं लिहीत नाही पण आज लिहिते. आमच्या यांचा अपघात झाला, डोक्याला मार, तेव्हापासून अंथरुणाला, डोळे उघडे पण ओळख नाही. घरात लेकरं शाळेची, यांच्या खात्यात पैसे पण बँक म्हणे खातेदार आला पाहिजे. मी नॉमिनी आहे म्हणलं तर म्हणाले नॉमिनी मयतानंतर. त्या दिवशी बँकेच्या पायरीवर बसून रडले.

नंतर एका बाईनं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण सांगितलं, कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं. बाईमाणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, दिव्यांगाला पण. त्यांनी खंडपीठात अर्ज करून दिला. यांच्या नावावर काय काय आहे सगळं लिहून द्यावं लागलं, कर्जसुद्धा. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी तपासून रिपोर्ट दिला. तहसीलमधून साहेब घरी आले, यांना बघितलं, गादी बघितली, पाठीला जखमा आहेत का बघितलं, सासूबाईंना बाजूला घेऊन विचारलं सून नीट करते का. मला त्याचा राग नाही आला. उलट बरं वाटलं की कुणीतरी यांच्याकडून बघायला आलं. सासूबाईंनी संमती लिहून दिली. ऑर्डर झाली तर त्यात लिहिलंय की खातं मी चालवायचं, पण जमीन विकायची तर परत कोर्टात यायचं, आणि दर सहा महिन्याला हिशेब द्यायचा. बालाजीभाऊ, वेळ लागला खरा, पण आता दीर आला काय नि बँकवाला आला काय, ऑर्डर दाखवते.

ताई, बँकेला एक सांगा, 70 वर्षांच्या वरच्यांना घरी येऊन सेवा द्या असं रिझर्व्ह बँकेनं 2017 मध्ये सांगितलंय, हयातीचा दाखला पण घरून होतो. कोर्टाची ऑर्डर येईपर्यंत निदान ते तरी अडू देऊ नका.

बालाजी_निलंगा

वहिनी, तुमचं वाचलं. वकीलसाहेब एक विचारतो, ज्यांना अजून सगळं कळतंय, आमच्या वडिलांसारखे, 71 वय, त्यांनी आत्ताच काय करून ठेवावं? आत्ताच्या आत्ता सांगा, या रविवारी मी घरीच आहे.

ॲड_लातूर

भाऊ हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला पाहिजे. मृत्युपत्र, ते शुद्धीत असताना, रजिस्टर केलेलं बरं, सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट. बँक खातं आईसोबत जॉइंट करा, दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो, असं. वहिनींनी सांगितलंच, नॉमिनी जिवंतपणी कामाचा नाही. मग 2017 च्या कायद्याप्रमाणं नामनिर्देशित प्रतिनिधी, साध्या कागदावर सही करून नेमता येतो, आणि त्याच कायद्यातलं आगाऊ निर्देशपत्र, मानसिक आजार झाला तर मला कसे उपचार हवे आणि कसे नको ते. व्हेंटिलेटरबद्दल काही इच्छा असेल तर त्यासाठी लिव्हिंग विल, सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये मान्य केलं आणि 2023 मध्ये सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर होतं. जमीन मुलांच्या नावावर बक्षीसपत्रानं आत्ताच देणार असाल तर सांभाळ करण्याची अट दस्तातच लिहून घ्या, नाही सांभाळलं तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली प्रांताकडं जाऊन दस्त रद्द करून घेता येतो. अट लिहिलेली नसली की तिथं भांडत बसावं लागतं. आणि भाऊ, हे सगळं वडिलांना विचारून, त्यांनी सांगितलं तसं. तुम्ही लिहून नेऊन सही घेऊ नका.

लेक_औशाची

आज भाऊ आला होता. नर्सताईंचं आणि वहिनींचं त्याला सगळं वाचून दाखवलं. आम्ही ठरवलं की सेंटर सध्या नको. रात्रीपुरता एक माणूस ठेवायचा, गावातलाच, अण्णांचा जुना विद्यार्थी तयार झालाय, पैसे भाऊ देणार. दाराला घंटी बसवतोय, दार उघडलं की मला ऐकू येईल अशी. सेंटरला नर्सताईंचे प्रश्न फोनवर विचारले, नोंदणीचं विचारल्यावर म्हणाले साहेब नाहीत, नंतर फोन करा.

मोतीबिंदूचं अण्णांना सांगितलं, डोळा साफ करायचाय म्हणून. म्हणाले मग पेपर वाचता येईल का. हो म्हणलं. तर म्हणाले चल.

पालकत्वासाठी खंडपीठातच जायचं ठरलंय, भाऊ आणि मी दोघांच्या नावानं, म्हणजे एकट्या कुणाच्या हातात नको. जिल्हा विधी सेवाच्या 15100 वर फोन लावला, त्यांनी लातूरच्या ऑफिसात कागद घेऊन यायला सांगितलंय. त्याआधी मेडिकल कॉलेजचा रिपोर्ट पाहिजे. लातूरच्या कॉलेजात मानसोपचारची ओपीडी कोणत्या वारी असते आणि सकाळी किती वाजता नंबर लावावा लागतो हे कुणाला माहिती असेल तर कृपया कळवा, अण्णांना जास्त वेळ रांगेत बसवत नाही.